खाडीच्या भरतीचं ॲप माझं, आता दुसऱ्याच्या नावाने चाललंय. काय करू?

खाडीवरची
९ मार्च २०२५

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय आणि लांबणार आहे. थोडक्यात सांगितलं की लोक म्हणतात, "कल्पना काय, कुणालाही सुचते," आणि पुढे बोलणंच खुंटतं. म्हणून सगळं सांगते.

आमचं घर दाभोळ खाडीच्या काठाला, गुहागरच्या बाजूला. बाबांची लहान होडी आहे, खाडीतच मासे मारतात. मी चिपळूणला नोकरी करते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा मी तिथेच, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अडकले होते. वरून पाऊस थांबत नव्हता आणि खालून भरती, पाण्याला उतरायला जागाच नव्हती. मध्येच एकदा बाबांचा फोन लागला. ते म्हणाले, "आता पानी उतरनार नाय गो. भरती फिरली की बघ." त्यांनी सांगितलेल्या वेळेपर्यंत मी घड्याळाकडे बघत बसले होते. बाबांना खाडीकाठी बसून जे कळतं, ते मला तिथे पाण्यात उभं राहून का कळू नये, हे तेव्हापासून डोक्यात बसलं.

आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट करायची. आज फाल्गुन शुद्ध दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पाणी भरलेलं. पौर्णिमा झाली की पुन्हा एकापासून मोजायचं. पण हा हिशेब दाभोळ-अंजनवेलच्या तोंडाशी. खाडी आत गोवळकोटपर्यंत जाते आणि पाण्याला तिथे पोचायला वेळ लागतो. किती, ते प्रत्येक धक्क्याला, प्रत्येक पाखाडीला, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेला, वेगळं. ते बाबांच्या वहीत आहे. दोनशे पानी शाळेची वही, पेन्सिलीने लिहिलेली, ३१ जागा. कुठे पाणी किती उशिरा भरतं, कुठे भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत होडी टेकते, कुठल्या भाटीच्या, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जमिनीच्या, मागे पाणी आधी शिरतं आणि माणूस मध्येच अडकतो.

नोव्हेंबर २०२२ पासून चौदा महिने मी ते आकडे तपासले. सहा ठिकाणी बांबू रोवले, वितीवितीवर रंगाचे पट्टे मारले. सुट्टीच्या दिवशी, आणि उधाण असलं की कामावर जायच्या आधी पहाटे, जाऊन वेळ लिहून ठेवायची. बाकीच्या जागांसाठी तिथे तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायकांना विचारून वहीशी ताडून बघितलं. मग मामेभावाने, तो पुण्याला असतो, ॲप लिहून दिलं. त्याला मी १८,००० रुपये दिले, तीन हप्त्यांत. त्या वेळी नवं वैयक्तिक खातं असलं की गूगल प्ले २० जणांनी सलग १४ दिवस ॲप वापरून बघितल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हतं. वाडीतले २० फोन गोळा करताना माझी दमछाक झाली, त्यातल्या सात बायका मासे विकणाऱ्या. २०२४ च्या नारळी पौर्णिमेला ॲप सगळ्यांसाठी खुलं झालं, पण त्यात १२ जागाच होत्या. बाकीच्या १९ मला अजून एक पावसाळा बघून मगच टाकायच्या होत्या.

नोव्हेंबरमध्ये जिल्ह्यात पर्यटन व्यवसायाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. तिथे शहरातले एक गृहस्थ भेटले, त्यांची पर्यटकांना फिरवणारी कंपनी आहे. ॲप बघून खूप कौतुक केलं. म्हणाले, भागीदारीत करू, सगळी माहिती पाठव. मी व्हॉट्सॲपवर पूर्ण एक्सेल पाठवली. ३१ जागा, आकडे, आणि प्रत्येक जागेखाली मी लिहिलेल्या दोन-तीन ओळींच्या टिपा. पुढे काय काय करायचंय तेही लिहिलं. सोबत एक ओळ टाकली होती, "सर, हे अजून बाहेर आलेलं नाही, कृपया कुणाला दाखवू नका." त्यांचं उत्तर आलं, "नक्की. बघून कळवतो." कळवलं कधीच नाही.

फेब्रुवारीत मैत्रिणीने एक ॲप दाखवलं. रंग वेगळे, नाव वेगळं, चित्रं झकपक. आत ३१ जागा, माझ्याच क्रमाने. ११ जागांच्या टिपा शब्दन् शब्द माझ्या. आणि सतराव्या क्रमांकाला "आजीची पाखाडी".

आजीची पाखाडी असं नाव खाडीत कुणी घेत नाही. गावात त्या जागेला दुसरंच नाव आहे. माझी आजी डोक्यावर टोपली घेऊन तिथे होडीतून उतरायची, म्हणून आमच्या घरात, फक्त आमच्या घरात, ती आजीची पाखाडी. एक्सेलमध्ये मी सवयीने तसंच लिहून गेले होते.

ते वाचून मी मैत्रिणीसमोरच रडले. आकडे उचलले त्याचा राग आला, पण हे बघून पोटात कालवलं.

आता दोन प्रश्न. एक, यावर काही करता येतं का? नोकरी करणारी मुलगी आहे, कोर्टकचेरीला फार पैसे नाहीत.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. त्या एक्सेलमध्ये एका जागेचा आकडा मी चुकवला होता. २५ मिनिटांच्या जागी ५२ पडलं. डिसेंबरमध्ये लक्षात आलं, मी माझ्याकडे दुरुस्त केलं, त्यांना पाठवलेली फाईल तशीच राहिली. त्यांच्या ॲपमध्ये अजून ५२ आहे. ती तिसऱ्या काढायची भाट आहे. तिथे सुकती, म्हणजे ओहोटी, संपून पाणी फिरतं ते खाडीच्या तोंडापेक्षा २५ मिनिटं उशिरा, आणि तेव्हा ॲप सांगतं अजून अर्धा तास आहे. वाडीतल्या बायकांना ॲप लागतच नाही, त्या पाय ठेवल्यावर ओळखतात. पण हे लोक पर्यटकांना "तिसऱ्या वेचायचा अनुभव" म्हणून तिथे नेणार असं ॲपमध्ये लिहिलंय. त्यांना सांगू का? एक जण म्हणाला, सांगू नकोस, तीच चूक तुझा पुरावा आहे. आणि मला रात्री झोप लागत नाही.

---

कोडवाला
९ मार्च

ताई, आधी फोन सांभाळा. व्हॉट्सॲपचा तो संवाद पुसू नका, त्यात आपोआप संदेश नाहीसे होण्याची सेटिंग चालू आहे का ते आत्ताच बघा आणि असेल तर बंद करा. फोन फॉरमॅट करू नका, नवा घेतलात तरी जुना विकू नका. संवाद एक्स्पोर्ट करून स्वतःलाच ईमेल करा. मूळ एक्सेल उघडून पुन्हा सेव्ह करू नका, तारीख बदलते. तिची प्रत काढून त्या प्रतीवर काय ते करा.

त्यांच्या ॲपचं स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्या ३१ जागा उघडून, फोनवरची तारीख-वेळ दिसेल अशी. प्लेवरचं त्यांचं पान, कंपनीचं नाव, शेवटचा अपडेट कधीचा, तेही. त्यांना कुणकुण लागायच्या आत हे व्हायला हवं. ॲप बदलायला त्यांना एक संध्याकाळ पुरते.

तुमच्या बाजूला पुरावा भरपूर आहे, तुम्हाला कळत नसेल इतका. मामेभावाच्या संगणकावर कोडचा इतिहास असेलच, गिट म्हणून कोडचे बदल नोंदणारं साधन असतं, त्यात प्रत्येक बदलाची तारीख असते. प्ले कन्सोलमध्ये पहिली आवृत्ती कधी चढवली ते दिसतं. आणि ते वीस जण. त्यांचे ईमेल चाचणीच्या यादीत आहेत, म्हणजे ॲप आधी कुणाचं होतं ते सांगणारी वीस माणसं.

पेटंटचा विचार मनात असेल तर काढून टाका. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(के) आहे, नुसता संगणक प्रोग्रॅम, अल्गोरिदम, धंद्याची पद्धत यांना पेटंट मिळत नाही. तिथे वेळ आणि पैसे घालवलेली माणसं मी पाहिलीत.

एक मनापासून सांगतो. माझं आजोळ दापोलीकडे, खाडी मलाही थोडी ठाऊक आहे. पावसाळा गेला की खाडीचा तळ बदलतो, भाटी सरकतात. त्यांनी उचललेत ते २०२४ पर्यंतचे आकडे. ह्या वर्षी सप्टेंबरनंतर त्यातले काही चुकायला लागतील आणि ते दुरुस्त करायला त्यांच्याकडे ना बांबू आहे ना तुमचे बाबा. तुम्ही मोजणं थांबवू नका. भांडणाच्या नादात बहुतेकांचं हेच थांबतं.

---

कोर्टाची पायरी
१० मार्च

मी जिल्ह्यातच वकिली करतो. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो थांबणार नाही.

सांगा. लेखी सांगा, लगेच सांगा, पण पुरावा जपून झाल्यावर, त्याच दिवशी. वर दादांनी सांगितलं तसं रेकॉर्डिंग करा, नात्यात नसलेले दोन साक्षीदार शेजारी बसवा, त्यांच्याकडून काय पाहिलं ते लिहून सही घ्या, तारीख वेळ घाला. ५२ चा आकडा त्यात स्पष्ट दिसू दे. ते झालं की तासाभरात त्या कंपनीला ईमेल करा: अमुक जागेचा आकडा चुकीचा आहे, बरोबर आकडा २५, यामुळे माणसाच्या जिवाला धोका आहे, दुरुस्त करा. एवढंच. चोरीचा उल्लेख त्या पत्रात नको, तो विषय वेगळ्या नोटिशीत. त्यांनी आकडा बदलला तरी तुमचा पुरावा कुठे जात नाही, तो आदल्या क्षणाला गोठलेला आहे. उलट दुरुस्ती तुमच्या पत्रानंतर झाली हेही नोंदलं जाईल. आणि पत्र न पाठवता उद्या कुणी बुडालं, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही असलं तरी तुम्हाला ते पेलणार नाही. तुमच्या लिहिण्यातच दिसतंय ते.

आता पहिला प्रश्न. कल्पनेवर कुणाची मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय, कल्पना, विषय, कथाबीज मोकळं असतं, कॉपीराइट असतो तो मांडणीला, आविष्काराला. म्हणजे "खाडीतल्या प्रत्येक धक्क्याची भरती सांगणारं ॲप" ही कल्पना उद्या कुणीही वापरू शकतो. भरतीची वेळ हे निसर्गातलं तथ्य, तेही कुणाचं नाही. तुमचे चौदा महिन्यांचे कष्ट एकट्याच्या बळावर कायद्यात उभे राहत नाहीत. डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या निकालात न्यायालयाने म्हटलं की नुसती मेहनत आणि खर्च पुरत नाही, निवडीत आणि मांडणीत स्वतःचं कौशल्य आणि थोडी तरी सर्जकता दिसायला हवी. हे ऐकून वाईट वाटेल. पण नोटीस लिहिण्याआधी वाईट वाटलेलं परवडतं.

तुमचं आहे ते असं. त्या ११ टिपा. त्या तुमच्या शब्दांत, तुमच्या लिखाणावर १९५७ चा कॉपीराइट कायदा लिहिल्या क्षणापासून लागू आहे, नोंदणी नसली तरी. कुठल्या ३१ जागा घ्यायच्या, कुठल्या क्रमाने, त्याखाली काय सांगायचं, ही निवड आणि मांडणीही तुमची, संकलन म्हणून तिच्यावर हक्क सांगता येतो, टिपांइतका ठाम नसला तरी. आणि आजीची पाखाडी. तीच जागा दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे नोंदवली असती तर गावातलं नाव लिहिलं असतं. घरातलं नाव शहरातल्या कंपनीकडे एकाच वाटेने पोचू शकतं. माझ्या मते तुमच्या आकड्याच्या चुकीपेक्षा हे भारी आहे, म्हणून ती चूक जाऊ द्यायला घाबरू नका.

दुसरी वाट विश्वासभंगाची. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा नाही, पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट परवानगीशिवाय वापरली तर न्यायालय मनाई देऊ शकतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात दूरचित्रवाणी मालिकेच्या संकल्पनेला असं संरक्षण दिलं होतं. पण लक्षात घ्या, तुमच्या १२ जागा आधीच जगजाहीर होत्या, त्यांना गुपित म्हणता येणार नाही. उरलेल्या १९ ना येतं. "कुणाला दाखवू नका" ही तुमची ओळ आणि त्यावरचं "नक्की" हे उत्तर, या दोन संदेशांना जपा.

खर्चाचं म्हणालात. कॉपीराइट नोंदणीची फी लिखित कृतीला ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. डायरी क्रमांक मिळतो, ३० दिवस कुणाची हरकत येते का बघतात, मग तपासणी. दावा लावायची वेळ आली तर कलम ६२ तुमच्या बाजूने आहे, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो, त्यांच्या शहरात खेटे घालायला नकोत. त्याआधी नोटीस, आणि प्रकरण व्यावसायिक न्यायालयाच्या कक्षेत गेलं आणि तातडीची मनाई मागितली नाही तर मध्यस्थी करावीच लागते. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. गूगलकडे कॉपीराइटची तक्रार करायचा अर्ज वेगळा, त्याला पैसे पडत नाहीत. पण त्यात फक्त ११ टिपा लिहा. "माझी कल्पना चोरली" असं लिहिलंत तर अर्ज बाद होईल, आणि आधार नसताना दाव्याची धमकी दिली तर कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर येऊ शकतो.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. मामेभावाशी काही लेखी आहे का? वही बाबांच्या हस्ताक्षरात आहे का? आणि खाडीच्या मुखाशी भरतीची वेळ तुम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकातून उचललीत का?

कंपनीचं नाव इथे लिहिलं नाहीत हे योग्य केलंत. पुढेही लिहू नका.

---

खाडीवरची
१० मार्च

दादा, फार आभार. दोनदा वाचलं.

छापील कोष्टक वापरलं नाही. मुखाची वेळ पाऊणपटीने काढते आणि बांबूच्या नोंदींवरून त्यात दुरुस्ती केली आहे. वही पूर्ण बाबांच्या हातची. चौथी शिकलेत, जोडाक्षरं चुकतात, पण आकडा चुकत नाही. चुकवला तो मी.

मामेभावाशी लेखी काहीच नाही. घरातलाच, त्याच्याकडून कागद कसला घ्यायचा, असं वाटलं.

---

कोर्टाची पायरी
१० मार्च

घ्यायचा. नातं तुटू नये म्हणूनच घ्यायचा. तो तुमचा पगारी नोकर नव्हता, त्यामुळे तुम्ही पैसे दिले असले तरी कायद्याने कोडचा पहिला मालक तो आहे. तो प्रामाणिक असेल, पण उद्या त्यांनी त्यालाच गाठून कोड विकत घेतलं तर तुमच्या हातात काय राहील? हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. कागदात मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. दोन्ही लिहून घ्या, कुठलं ॲप, कुठले हक्क, किती रक्कम दिली, तेही. बाबांकडूनही एक पत्र घ्या, वही त्यांची आहे.

---

आंबेवाले काका
११ मार्च

मुली, तुझं दुःख समजलं. पण एक विचारतो, राग मानू नकोस. त्या ३१ जागांची माहिती तुझ्या बाबांच्या वहीत आली ती कुठून? काही त्यांनी स्वतः बघितलं, काही इतरांच्या तोंडून ऐकलं. ज्या बायकांना तू विचारलंस, त्यांना तू सांगितलं होतंस का की हे सगळ्यांच्या फोनवर जाणार आहे? उद्या त्यांच्या भाटीवर शंभर पर्यटक उतरले तर त्यांच्या तिसऱ्या कुठे राहतील?

मी पावसच्या बाजूचा बागायतदार. माझ्या पेटीवरचं चित्र आणि नाव एकाने हुबेहूब उचललं होतं. दोन हंगाम त्याच्या मागे लागलो. तेव्हा एक गोष्ट कळली. "हापूस" या शब्दावर मी मालकी सांगू शकत नव्हतो, तो साऱ्या कोकणाचा. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा सगळ्यांना मिळून. मी त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलं. पण माझ्या पेटीवरचं माझं नाव माझंच होतं, त्याची ट्रेडमार्क नोंदणी आधी केली असती तर दोन हंगाम गेले नसते. एका माणसाच्या नावाने अर्ज केला तर ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे, एका वर्गाला.

तुझंही असंच दोन भागांत आहे. खाडीचं ज्ञान खाडीवाल्यांचं. तुझं लिखाण, तुझ्या ॲपचं नाव, तुझं मोजणं, ते तुझं. दुसऱ्यासाठी भांड, जोरात भांड. पहिल्याबद्दल बोलताना "माझं" म्हणण्याआधी एकदा वाडीत बसून बोल. आणि ट्रेडमार्कचा अर्ज नोटिशीच्या आधी कर, नाहीतर ते तुझंच नाव लावून मोकळे होतील.

---

खाडीवरची
११ मार्च

काका, राग नाही आला. रात्री बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ जाळ्याची गाठ मारत बसले होते, मग म्हणाले, "पानी काय कुनाच्या बापाचा नाय. पन म्हातारीचा नाव तेंच्याकडं कशाला?" मला जे दोन पानांत सांगता आलं नाही ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

बायकांना मी विचारलं होतं, ॲपसाठी आहे असं सांगितलंही होतं. पण परक्या माणसांनाही दिसणार, हे मी नीट बोलले नव्हते. काही जणींना कळलं नसणार. हे माझं चुकलं. १९ जागा मी थांबवल्या त्या आकडे पक्के नव्हते म्हणून, बायकांचा विचार करून नाही. पुढच्या आवृत्तीत तिसऱ्यांच्या भाटी फक्त होडीवाल्यांना धोका म्हणून दाखवायच्या, वेचायची जागा म्हणून नाही, असं ठरवतेय. शिमग्याला सगळे गावात असतात, पालखी घरी येऊन गेली की बायकांना एकत्र बसवून विचारते.

मामेभाऊही शिमग्याला येतोय.

---

खाडीवरची
२२ मार्च

काय झालं ते लिहिते, ज्यांनी वेळ काढून उत्तरं दिली त्यांना कळावं म्हणून.

१२ तारखेला संध्याकाळी रेकॉर्डिंग केलं. साक्षीदार म्हणून शाळेतले एक शिक्षक आणि पोस्टातल्या ताई आल्या. सगळ्या ३१ जागा उघडायला ४० मिनिटं लागली. ५२ चा आकडा आला तेव्हा शिक्षकांनी वेळ मोठ्याने वाचली. सह्या झाल्यावर रात्री ८.१० ला मी ईमेल पाठवला, दादांनी सांगितलं तेवढाच, चार ओळींचा. त्यांच्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर फोनही केला, एका मुलीने उचलला, तिने नीट लिहून घेतलं.

उत्तर आलं नाही. १४ ला, पौर्णिमेच्या दिवशी, आकडा बदलून २५ झालेला होता. उधाणाचे दिवस होते. मी तो आकडा बघून देवळात जाऊन आले. त्याचंही रेकॉर्डिंग केलं.

मामेभावाने सही केली. कागद पुढे केला तेव्हा त्याचा चेहरा उतरला, मलाही कसंतरी झालं. मग त्याला दादांचं उत्तर वाचायला दिलं. वाचून म्हणाला, असं काही असतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि स्वतःच त्यात मुदत आणि प्रदेश लिहिलाय का ते तपासलं. संगणकावरचा सगळा इतिहास त्याने एका डिस्कवर उतरवून दिला.

टिपांच्या कॉपीराइटचा अर्ज केला, डायरी क्रमांक आला. नावाच्या ट्रेडमार्कचे ४,५०० भरले. गूगलला ११ टिपांचीच तक्रार केली, माझ्या टिपा आणि त्यांच्या टिपा शेजारी शेजारी लावून. अजून काही कळलेलं नाही.

बायकांची बैठक झाली, चौदा जणी आल्या. दोघींनी स्पष्ट सांगितलं, आमची भाट नकाशावर नको. एकीने विचारलं, अंधार पडल्यावर पाणी फिरायच्या आधी फोन वाजेल का, तिची सून नवीन आहे, तिला अजून पाणी कळत नाही. तेवढं एक मी मामेभावाला करायला सांगितलंय. दोन भाटी काढून टाकल्या. माझ्याकडे आता २९ जागा आहेत.

एक विचारायचं राहिलं. नोटिशीत "आजीची पाखाडी हे नाव काढा" असं मागायचं का? बाबांना ते नाव तिथे नकोय. पण तोच मोठा पुरावा आहे असं तुम्ही म्हणालात.

---

कोर्टाची पायरी
२२ मार्च

मागायचं. पुरावा १२ तारखेलाच तुमच्या हातात आलाय, नाव राहिलं काय आणि गेलं काय. बाबांना नकोय ना, मग मसुद्यात पहिली मागणी तीच घालू, टिपा त्याच्याखाली.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. १ जुलै २०२४ पासून त्यात फाईलचा हॅश, म्हणजे फाईलवरून संगणकाने काढलेला तिचा ओळख-आकडा, लिहावा लागतो आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही. तो माणूस मी बघून ठेवलाय. रेकॉर्डिंग ज्या फोनवर केलं तो फोनच आणा.

सोमवारी अकराला या. बाबांनाही आणा, आणि वही मूळची. झेरॉक्स नको.